वाचक विचारतात : उन्हाळ्यात जमणारा संघ आणि त्याच्या प्रशिक्षक

पॅरिस ऑलिंपिकमधील बास्केटबॉलविषयी या सदरात लिहिताना सर्बियाच्या महिला संघाच्या प्रशिक्षक मारिना माल्कोविच यांचा एका ओळीत उल्लेख आला होता. त्या एका ओळीवर इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्यांच्या कारकिर्दीसाठी राखून ठेवले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावांची नावे दिली आहेत.

प्रश्न : आपण ‘माल्कोविच’ असे लिहिता. सामन्याचे समालोचक मात्र ‘माल्जकोविक’ म्हणत होते. बरोबर काय? (ठाणे)

उत्तर : रोमन लिपीतील अक्षरे इंग्रजीच्या सवयीने वाचली की अशी गल्लत होते. सर्बियन भाषेत त्या जागी ‘ज’ नसून ‘य’चा उच्चार आहे आणि शेवटचे अक्षर मऊ ‘च’ आहे. त्यामुळे काटेकोरपणे लिहायचे तर ‘माल्य्कोविच’ असे लिहावे लागेल. मराठी जिभेला ते अवघड जाते म्हणून आम्ही ‘माल्कोविच’ हे रूप स्वीकारले आहे. सर्बियन लोक आपली भाषा सिरिलिक लिपीतही लिहितात, आणि एकोणिसाव्या शतकात वूक कराजिच यांनी ती लिपी ‘बोलाल तसे लिहा, लिहिले तसे वाचा’ या तत्त्वावर नीटनेटकी केली. देवनागरीत वाढलेल्या वाचकाला हे तत्त्व परके वाटू नये.

प्रश्न : त्यांचे वडील मोठे प्रशिक्षक होते असे वाचले. मग मुलीला संधी मिळाली यात नवल काय? आपल्याकडे याला वशिला म्हणतात. (नागपूर)

उत्तर : प्रश्न रोखठोक आहे आणि त्याला बगल देण्याचे कारण नाही. बोझिदार माल्कोविच हे युरोपातील सर्वांत यशस्वी प्रशिक्षकांपैकी एक आहेत. पुरुषांच्या युरोपीय क्लब स्पर्धेचे सर्वोच्च विजेतेपद त्यांनी चार वेळा मिळवले, तेही तीन निरनिराळ्या देशांतल्या क्लबांबरोबर : १९८९ आणि १९९० मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील स्प्लिट शहराच्या युगोप्लास्टिकाबरोबर, १९९३ मध्ये फ्रान्सच्या लिमोजबरोबर आणि १९९६ मध्ये ग्रीसच्या पानाथिनायकोसबरोबर. पुढे ते सर्बियाच्या ऑलिंपिक समितीचे अध्यक्षही झाले. १९८१ च्या सप्टेंबरमध्ये बेलग्रेडला जन्मलेल्या मारिना लिमोजच्या विजयाच्या वेळी अकरा वर्षांच्या होत्या. त्या अंतिम सामन्यात लिमोजने इटलीच्या त्रेविझो संघाला ५९-५५ असे हरवले होते. आजच्या वाचकाला तो धावफलक पुरुषांच्या अंतिम सामन्याचा वाटणार नाही इतका तो तुटपुंजा आहे, आणि वडिलांच्या विचारसरणीचे सार त्यातच आहे : प्रतिस्पर्ध्याकडे अधिक गुणवान खेळाडू असतील तर खेळाची गती कमी करावी, प्रत्येक टोपलीसाठी त्याला घाम गाळायला लावावा आणि शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत सामना हातातून निसटू देऊ नये.

हा वारसा मुलीला मिळाला यात शंका नाही. घरात जेवणाच्या टेबलावर काय बोलले जाते यावर मुलांच्या बुद्धीची घडण होते. कीर्तनकाराच्या घरातल्या मुलाला तालाचे वेगळे शिक्षण द्यावे लागत नाही, तसेच हे आहे. पण वशिल्याबद्दल बोलायचे तर त्यांनी निवडलेले क्षेत्र पाहावे. वडिलांचे नाव, ओळखी आणि दबदबा हे सगळे पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये होते, आणि मुलगी विशीच्या सुरुवातीला महिलांच्या बास्केटबॉलमध्ये कामाला लागली. तेथे पैसा कमी होता, प्रेक्षागृहे रिकामी असत आणि वृत्तपत्रांत त्या सामन्यांची दोन ओळींत बोळवण होत असे. वडिलांच्या नावाने पहिले दार उघडले असेलही. परंतु त्यानंतर वीस वर्षे रोज सकाळी सरावाला उभे राहणे कोणत्याही नावाला साधत नाही. सामना सुरू झाल्यावर फळा हातात घेऊन जो बाकासमोर उभा असतो त्याचे आडनाव प्रतिस्पर्धी वाचत नाहीत.

प्रश्न : मी शाळेत मुलींचा संघ सांभाळतो. माल्कोविच यांनी थेट राष्ट्रीय संघापासून सुरुवात केली की खालून वर आल्या? (सांगली)

उत्तर : खालून वर आल्या. बेलग्रेडमधील उश्चे नावाच्या छोट्या क्लबपासून त्यांची सुरुवात झाली. सावा आणि डॅन्यूब या दोन नद्यांचा संगम जेथे होतो त्या भागाचे नाव उश्चे असे आहे. तेथून त्या रुमानियाच्या सीमेजवळच्या वर्शात्स गावी हेमोफार्म या क्लबात गेल्या आणि मग राजधानीत परतून पार्टिझानच्या प्रशिक्षक झाल्या. पार्टिझानच्या महिलांनी २०१० ते २०१३ अशी सलग चार वर्षे सर्बियाची लीग जिंकली आणि २०१२ व २०१३ मध्ये जुन्या युगोस्लाव्हियातील देशांच्या संयुक्त एड्रियाटिक लीगचे विजेतेपदही मिळवले. या क्लबात त्यांच्या हाताखाली ज्या मुली तयार झाल्या त्यांपैकी अनेक जणी पुढे राष्ट्रीय संघात आल्या. ही गोष्ट पुढच्या उत्तरांसाठी ध्यानात ठेवावी.

त्यानंतर त्या देशाबाहेर पडल्या : फ्रान्समध्ये लियाँ, तुर्कस्तानात इस्तंबूलचा गलातासराय क्लब आणि नंतर चीनमध्ये शांघाय. गलातासरायने २०१८ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली महिलांचा युरोकप जिंकला. दोन सामन्यांच्या अंतिम फेरीत इटलीच्या व्हेनिस संघाला नमवून हा चषक इस्तंबूलला गेला. क्लबचे काम आणि राष्ट्रीय संघाचे काम त्या एकाच वेळी करीत होत्या. युरोपात हे रूढ आहे, कारण राष्ट्रीय संघ वर्षभर एकत्र नसतो. हिवाळाभर खेळाडू आपापल्या क्लबांत विखुरलेल्या असतात आणि मे महिन्याच्या सुमारास काही आठवड्यांसाठी एकत्र येतात.

प्रश्न : एवढासा देश युरोपचा विजेता कसा होतो? आम्हाला सर्बिया म्हणजे टेनिसचा जोकोविच एवढेच ठाऊक आहे. (पुणे)

उत्तर : आपण पुण्याचे आहात म्हणून पुण्याचेच माप वापरू. सर्बियाची लोकसंख्या सुमारे ६६ लाख आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांवर होती. म्हणजे आपल्या एका जिल्ह्याहून लहान असलेल्या या देशाच्या महिला संघाने २०१५ आणि २०२१ अशी दोनदा युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा जिंकली.

यामागे एक जुनी परंपरा आहे आणि मग एक मोठी पोकळी आहे. दोन्ही समजून घेतल्याशिवाय माल्कोविच यांच्या कामाचे मोल कळत नाही. परंपरा अशी की बेलग्रेडच्या त्स्रवेना झ्वेझ्दा, म्हणजे ‘लाल तारा’, या क्लबाच्या महिला संघाने १९७९ मध्ये स्त्राहिन्या अलागिच यांच्या मार्गदर्शनाखाली युरोपचा क्लब चषक जिंकला होता. सर्बिया तेव्हा ज्या देशाचा भाग होता त्या युगोस्लाव्हियाच्या महिलांनी १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये कांस्य आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवले. सोलच्या वेळी मिलान वासोयेविच प्रशिक्षक होते. सर्बियाचा महिलांचा राष्ट्रीय चषक आज त्यांच्याच नावाने खेळला जातो. १९९० मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्य आणि १९९१ मध्ये युरोपीय स्पर्धेत रौप्य मिळाले. त्याच उन्हाळ्यात देश फुटायला लागला.

पुढची वर्षे युद्धाची आणि निर्बंधांची होती. १९९२ पासून काही वर्षे बेलग्रेडच्या संघांना आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे दरवाजे बंद होते. पुरुषांचा संघ १९९५ मध्ये परतला आणि त्याच वर्षी युरोपचा विजेता झाला, म्हणून जगाला वाटले की तेथील बास्केटबॉलचे फारसे काही बिघडले नाही. महिलांच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. १९९१ च्या त्या रौप्यानंतर पुढचे पदक यायला तब्बल २४ वर्षे लागली. पुरुषांकडे प्रेक्षक होते, प्रायोजक होते, खेळाडू विकून येणारा पैसा होता. महिलांच्या क्लबांकडे यातले काहीच नव्हते, आणि जो वृक्ष आधीच कमी पाण्यावर जगत होता तो दुष्काळात सर्वांत आधी वाळला. आम्ही हे मुद्दाम ठळकपणे लिहितो आहोत, कारण सर्बियाच्या ‘रक्तातच बास्केटबॉल आहे’ असे सांगणारे लेख बरेच येतात. रक्तात असते तर ही २४ वर्षे कोरडी का गेली असती?

२०११ मध्ये माल्कोविच यांच्याकडे राष्ट्रीय संघ आला तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. पार्टिझानमध्ये रोज ज्या मुलींबरोबर त्या काम करीत होत्या त्यांच्याभोवतीच त्यांनी हा संघ उभा केला. २०१३ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या युरोपीय स्पर्धेत संघ चौथा आला. पदक हुकले, पण २०१४ च्या जागतिक स्पर्धेचे तिकीट मिळाले. तेथे उपांत्यपूर्व फेरीत यजमान तुर्कस्तानकडून अवघ्या एका गुणाने हार झाली. दोन वर्षांतले हे दोन घाव पचवून तोच गट २०१५ च्या जूनमध्ये बुडापेस्टला पोहोचला. उपांत्य सामन्यात गतविजेत्या स्पेनला त्यांनी ७५-७४ असे हरवले. या वेळी तो एक गुण त्यांच्या बाजूचा होता. २८ जूनच्या अंतिम सामन्यात फ्रान्सवर ७६-६८ असा विजय मिळाला आणि आना दाबोविच स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरली. सर्बियाच्या महिलांचे ते पहिले सुवर्ण होते आणि त्याने रिओ ऑलिंपिकचा थेट प्रवेशही मिळवून दिला. प्रशिक्षकाचे वय तेव्हा ३३ वर्षे होते.

बेलग्रेडमध्ये पदक घेऊन परतणाऱ्या संघाचे स्वागत नगरसभेच्या जुन्या राजवाड्याच्या सज्जात होते आणि खाली चौकात लोक गर्दी करतात. वर्षानुवर्षे त्या सज्जात पुरुषांचे संघ उभे राहत आले होते. त्या उन्हाळ्यात मुली तेथे उभ्या राहिल्या.

प्रश्न : रिओमध्ये सर्बियाने आठपैकी चार सामने गमावले आणि तरी कांस्य मिळवले. मला हे न्याय्य वाटत नाही. (औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपली गणना अचूक आहे. गटात सर्बिया अमेरिका, स्पेन आणि कॅनडा यांच्याकडून हरला. अमेरिकेविरुद्ध तर ८४-११० अशी वाताहत झाली. चीन आणि सेनेगल यांना हरवून संघ कसाबसा चौथ्या क्रमांकाने पुढे गेला. स्पर्धेची रचना सर्व संघांना आधीपासून माहीत होती, त्यामुळे अन्यायाचा मुद्दा टिकत नाही. परंतु आपल्या प्रश्नात त्याहून मोलाचा एक प्रश्न दडलेला आहे, तो असा की पहिल्या आठवड्यात तीन पराभव पाहिलेला संघ दुसऱ्या आठवड्यात वेगळा कसा खेळला.

उपांत्यपूर्व फेरीत समोर ऑस्ट्रेलिया होता, गटातले पाचही सामने जिंकलेला. सर्बियाने तो सामना ७३-७१ असा जिंकला. या सामन्यातील बचाव समजण्यासाठी बास्केटबॉलचे दोन नियम आठवावे लागतात. चेंडू ताब्यात आल्यावर २४ सेकंदांत टोपलीकडे फेक करावी लागते, आणि त्यांपैकी पहिल्या ८ सेकंदांत चेंडू मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे न्यावा लागतो. माल्कोविच यांच्या संघातील मिलित्सा दाबोविच, तमारा रादोचाय यांसारख्या चपळ बचावपटू प्रतिस्पर्ध्याच्या चेंडू आणणाऱ्या खेळाडूला तिच्याच टोपलीखाली गाठतात आणि तिला सरळ धावू देत नाहीत. दर वेळी चेंडू हिसकावला जाईल अशी अपेक्षा नसते. तिला मध्यरेषा ओलांडायला सात सेकंद लागले तरी पुरे, कारण मग रचलेली चाल खेळायला सतराच सेकंद उरतात. त्यात एक पास अडला की शेवटची फेक घाईत, अवघड जागेवरून होते. उंच आणि अनुभवी खेळाडू असलेल्या संघाचा फायदा टोपलीजवळ असतो. त्या संघाला टोपलीजवळ पोहोचायला वेळच मिळाला नाही तर उंचीचे करायचे काय? असा बचाव चाळीस मिनिटे करायचा तर पाच जणींचे काम नव्हे. बाकावरच्या प्रत्येकीला चार-पाच मिनिटे जीव तोडून पळण्यासाठी तयार ठेवावे लागते आणि तिने ते कमीपणा न मानता करावे लागते. आमच्या मते माल्कोविच यांचे खरे कौशल्य येथे आहे. क्लबमध्ये वीस गुण करणारी खेळाडू उन्हाळ्यात येऊन सहा मिनिटांच्या कामावर राजी होते, हे फळ्यावर बाण काढून घडत नाही.

उपांत्य फेरीत स्पेनने सर्बियाला ६८-५४ असे रोखले. मग २० ऑगस्टला फ्रान्सवर ७०-६३ असा विजय मिळाला आणि सर्बियाच्या महिला बास्केटबॉल संघाने आपल्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये पदक पटकावले.

प्रश्न : सर्बियाच्या संघात अमेरिकन खेळाडू कशा? (सोलापूर)

उत्तर : आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार प्रत्येक संघात नंतर नागरिकत्व मिळालेली एक खेळाडू घेता येते. सर्बियाकडून २०१५ आणि २०१६ मध्ये डॅनिएल पेज आणि २०२१ मध्ये इव्हॉन अँडरसन खेळली. युरोपातील अनेक देश असेच करतात.

प्रश्न : आमच्याकडे दोन स्पर्धा हरल्या की प्रशिक्षक बदलतात. सर्बियात तसे झाले नाही का? (नाशिक)

उत्तर : तशी वेळ आली होती. २०१७ च्या युरोपीय स्पर्धेत गतविजेता सर्बिया पदकाच्या शर्यतीतही राहिला नाही आणि परिणामी २०१८ च्या जागतिक स्पर्धेला मुकला. ज्या देशात चहाच्या टपरीवरचा माणूसही बास्केटबॉलच्या डावपेचांवर मत देतो त्या देशात अशा अपयशानंतर प्रशिक्षकाला निरोप देणे सोपे होते. पण २०१९ च्या स्पर्धेत बाकासमोर माल्कोविचच होत्या.

पुढचे पान पाहा. २०१९ ची युरोपीय स्पर्धा सर्बिया आणि लात्विया यांनी मिळून भरवली. बेलग्रेडमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर सर्बियाने ब्रिटनला ८१-५५ असे हरवून कांस्य घेतले. २०२० च्या फेब्रुवारीत बेलग्रेडमध्येच टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळाली. मग महासाथीने ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेले आणि २०२१ चा उन्हाळा दुहेरी कामाचा झाला. जूनमध्ये वॅलेन्सिया शहरात उपांत्यपूर्व फेरीत यजमान स्पेनला जादा वेळेत हरवले, उपांत्य फेरीत बेल्जियमला ७४-७३ असे हरवले आणि अंतिम सामन्यात फ्रान्सला केवळ ५४ गुणांवर रोखून ६३-५४ असे दुसरे सुवर्ण जिंकले. सोन्या वासिच स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरली. जुन्या वाचकांना ती सोन्या पेत्रोविच या माहेरच्या नावाने आठवत असेल. २०१५ च्या विजयातही ती होती.

हीच गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. २०१५ च्या सुवर्णपदकाच्या मागे २०१३ चा चौथा क्रमांक आणि २०१४ चा एका गुणाचा पराभव होता. २०२१ च्या सुवर्णपदकाच्या मागे २०१७ चे अपयश होते. दोन्ही सुवर्णपदकांच्या वेळी बाकासमोर एकच व्यक्ती उभी होती. वर्षातून मोजकेच आठवडे एकत्र येणाऱ्या संघाला नवी शिस्त, नवे शब्द, नवी चाल शिकवायला वेळच नसतो. पहिल्याच सरावाला प्रत्येकीला ठाऊक हवे की आपली जागा कोठे आणि मदतीला कोणी धावायचे. ही समज एका उन्हाळ्यात येत नाही आणि प्रशिक्षक बदलला की ती पुसून पुन्हा पाटी कोरी करावी लागते. २०२१ मध्ये बाकासमोर नवा प्रशिक्षक असता तर त्या संघाला वॅलेन्सियात जादा वेळेत काय करायचे ते इतक्या शांतपणे कळले असते असे आम्हाला वाटत नाही.

टोकियोत त्याच संघाने गटातून पुढे येत उपांत्यपूर्व फेरीत चीनला ७७-७० असे हरवले. पण उपांत्य फेरीत अमेरिकेने ७९-५९ असे हरवले आणि कांस्यपदकाच्या सामन्यात फ्रान्सने ९१-७६ असा हिशेब चुकता केला. त्यानंतर सोन्या वासिचसारख्या ज्येष्ठ खेळाडू राष्ट्रीय संघातून निवृत्त झाल्या. २०२२ मध्ये सिडनीच्या जागतिक स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेकडून ८८-५५ असा मोठा पराभव झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत ब्राझीलमधील बेलेम शहरात संघाने पॅरिसची पात्रता मिळवली आणि पॅरिसमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. तेथे ऑस्ट्रेलियाने त्यांना रोखले. सलग तीन ऑलिंपिकमध्ये शेवटच्या आठ संघांत स्थान मिळवणे ही सहज जमणारी गोष्ट नव्हे.

प्रश्न : महिलांच्या संघाला घेऊन इतके यश मिळवणारी ही पहिलीच महिला प्रशिक्षक आहे काय? (रत्नागिरी)

उत्तर : नाही, आणि तसे म्हणणे आधीच्या स्त्रियांवर अन्याय करणारे होईल. सोव्हिएत संघाच्या लिदिया अलेक्सेयेवा यांनी दोन दशकांहून अधिक काळ आपल्या देशाच्या महिला संघाला शिकवले. १९७६ आणि १९८० ची ऑलिंपिक सुवर्णपदके त्यांच्याच संघाची. स्लोव्हाकियाच्या नतालिया हेय्कोव्हा यांनी रुझोम्बेरोकसारख्या लहान गावाच्या क्लबाला युरोपचे विजेतेपद मिळवून दिले आणि पुढे रशियातील व प्रागमधील क्लबांबरोबरही ते यश पुन्हा मिळवले.

माल्कोविच यांच्या काळातील एक योगायोग मात्र नमूद करावासा वाटतो. बुडापेस्टचा अंतिम सामना, रिओचा कांस्यपदकाचा सामना, वॅलेन्सियाचा अंतिम सामना आणि टोकियोचा कांस्यपदकाचा सामना या चारही वेळी समोर फ्रान्स होता, आणि चारही वेळी फ्रान्सच्या बाकासमोर वॅलेरी गार्निए उभ्या होत्या. सहा वर्षांत चार पदकनिर्णायक सामने, दोन्ही बाजूंना महिला प्रशिक्षक. तीन सर्बियाने जिंकले, एक फ्रान्सने. आपल्याकडे मुलींच्या संघाच्या प्रशिक्षकाला आजही सवयीने ‘सर’ म्हणूनच हाक मारली जाते, कारण बहुतेक ठिकाणी ते सरच असतात. शाळांच्या मैदानांवर शिकवणाऱ्या ज्या बाई आहेत त्यांनी या चार सामन्यांची चित्रफीत अवश्य मिळवून पाहावी.

प्रश्न : सर्बियाचे प्रशिक्षक भारतात आले होते असे ऐकले. खरे आहे काय? (अमरावती)

उत्तर : खरे आहे. झोरान विशिच हे सर्बियन प्रशिक्षक भारताच्या महिला संघाचे मार्गदर्शक होते. २०१७ च्या जुलैमध्ये बंगळूरुला झालेल्या आशियाई चषकाच्या ‘ब’ विभागात भारताने अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले आणि ‘अ’ विभागात प्रवेश मिळवला, तेव्हा बाकावर तेच होते. शेवटच्या क्षणापर्यंत ताणलेला दोन गुणांचा विजय पाहून सर्बियाच्या रिओतील ७३-७१ ची आठवण येते. महाराष्ट्राच्या वाचकांना सांगायला हवे की पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाकडून दीर्घकाळ खेळली आणि तिने संघाचे नेतृत्वही केले आहे. आपल्या मुलींना परदेशी प्रशिक्षकाची भाषा कळते आणि त्याची शिस्त पेलते हे बंगळूरुने दाखवले. ‘अ’ विभागात टिकून राहायचे तर मात्र एका स्पर्धेपुरते शिबिर भरवून भागणार नाही. नाशिकच्या वाचकांना दिलेले उत्तर येथेही लागू पडते.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी कोल्हापूरला जिल्हा संघात खेळते आणि तिला प्रशिक्षक व्हायचे आहे. तिला माल्कोविच यांच्या संघाचा एकच सामना दाखवायचा असेल तर कोणता दाखवू आणि त्यात काय पाहायला सांगू? (कोल्हापूर)

उत्तर : २०२१ चा वॅलेन्सियातील अंतिम सामना दाखवावा. रिओचा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना अधिक उत्कंठावर्धक आहे, पण शिकण्यासाठी वॅलेन्सियाचा चांगला. पहिल्यांदा पाहताना तिला चेंडूकडे पाहू द्यावे, म्हणजे सामना भोगून होईल. दुसऱ्यांदा पाहताना चेंडू जिच्या हातात आहे तिला सोडून बाकीच्या चार बचावपटूंकडे पाहायला सांगावे : फ्रान्सच्या खेळाडूने पाऊल टाकण्याआधी त्या कोणत्या दिशेला सरकतात, कोण बोट दाखवते, कोण ओरडते. तिसऱ्यांदा पाहताना वहीत खेळाडूंच्या अदलाबदलीची नोंद करावी. कोणती खेळाडू कोणत्या मिनिटाला बाहेर आली आणि तिच्या जागी कोण गेली, एवढेच लिहावे. चौथ्या सत्रापर्यंत पोहोचेपर्यंत तिच्या लक्षात येईल की पुढची अदलाबदल तिला आधीच सांगता येऊ लागली आहे. तसे झाले की आम्हाला जरूर कळवावे.